थांबवायची सोय

स्क्रीन लावली आणि बाबा हसले. म्हणजे ते बाबा आहेत हे आधी कळलंच नाही. टक्कल पडलेला कुणी म्हातारा वेताच्या खुर्चीत बसून हातातल्या कपाकडे बघत हसतोय, एवढंच दिसलं, आणि मी सवयीने माऊस व्हिडिओच्या खालच्या कडेला नेला, थांबवायचं बटण शोधायला. बटण नव्हतं. ते नसणार हे मला कानांनी आधीच कळलेलं होतं, डोळ्यांनी फक्त खात्री करायची होती. तेवढ्यात त्या माणसाने मान वर केली, डावी भुवई उचलली, उजवी तशीच ठेवली. ही भुवई मी आरशात रोज बघते. मी माऊस सोडला. व्हिडिओ संपला आणि आपला आपण पुन्हा सुरू झाला. गच्ची, कुंड्या, मागे डोंगराची कड, वेताच्या खुर्च्या, म्हातारा कपाकडे बघून हसतो, मान वर करतो, भुवई. तो कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघून म्हणतो, ‘‘इथे संध्याकाळी वारा असतो. माणसाला आणखी काय लागतं?’’ शेजारच्या खुर्चीतली पांढऱ्या केसांची बाई हसते, हात लांब करून त्याच्या स्वेटरच्या बाहीवरचा धागा काढते आणि जमिनीवर टाकते. पुन्हा गच्ची, पुन्हा कुंड्या. मी आ वासून बघत राहिले. ज्या माणसासाठी मामाने शहरातलं एकेक शवागार पालथं घातलं, त्याने चॉकलेटी स्वेटर घातला होता आणि त्याला संध्याकाळचा वारा पुरत होता.

माझं काम काय ते सांगितल्याशिवाय माझा गाढवपणा नीट कळायचा नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता येते की नाही, हे मी तपासते. आंधळ्यांना, बहिऱ्यांना, हात थरथरणाऱ्यांना, हलतं काही दिसलं की चक्कर येणाऱ्यांना. अहवालात याला सुगम्यता म्हणतात, एरवी आम्ही सगळे ॲक्सेसिबिलिटीच म्हणतो. त्यात माझा खास शत्रू म्हणजे न विचारता सुरू होणारा व्हिडिओ. त्याबद्दलचे नियम साधे आहेत. आपोआप सुरू झालेला आवाज तीन सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर तो बंद करायची सोय हवी. आपोआप हलणारी गोष्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणार असेल, तर ती थांबवायची सोय हवी. संपलं. पण एवढंही लोकांच्याने होत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपलं पान उघडल्या उघडल्या नाचलं पाहिजे. मी इतके व्हिडिओ थांबवलेत की ऑफिसात मला ब्रेकताई म्हणतात. म्हणोत. ज्याला हवं त्याने लावावं आणि ज्याला नको त्याला थांबवता यावं, यात चुकीचं काय आहे हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तर, काम करायची माझी एक रीत आहे. मी आधी स्क्रीन बंद करते. ठार काळी. आंधळं माणूस पान जसं ऐकेल तसं ऐकते, फक्त स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आवाजावर, आणि त्यातले दोष लिहून काढले की मगच स्क्रीन लावून बघते. डोळे आधी उघडले की कान आळशी होतात, असं मी नव्या पोरांना छाती फुगवून सांगत असते. सकाळी हे वृद्धाश्रमाचं पान आलं. मी स्क्रीन काळी केली, पान उघडलं, आणि स्क्रीन रीडर ‘मुख्य पान’ म्हणते न म्हणते तोच एक पुरुष तिच्या वरताण बोलायला लागला. वारा असतो, आणखी काय लागतं, बाईचं हसणं. मग पुन्हा वारा. मी वैतागून लिहिलं: पान उघडताच पुरुषाचा आवाज आपोआप सुरू होतो, वाचनावर मात करतो, थांबवता येत नाही.

पुरुषाचा आवाज, असं लिहिलं मी. जन्मदात्या बापाचा आवाज कानांत जात होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि मी मनात म्हणत होते की हा बाबा गप्प बसेल तर बरं. आवाज कुणाचा हा प्रश्न आमच्या कामात येतच नाही. किती मोठा आणि किती वेळ, एवढंच बघायचं. त्यात त्यांनी कवळी बसवलेली असणार, बोलणं पोकळ झालं होतं, शब्दांच्या कडा गेल्या होत्या. पण ही सगळी सारवासारव मी नंतर केली. त्या क्षणी एवढंच कळलं, की मी ओळखलं नाही. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट ध्यानात आली. आवाजाचा दोष निघाला की आमच्याकडे ते पान लगेच घरून तपासणाऱ्यांकडे जातं, म्हणजे ज्यांना खरोखरच दिसत नाही अशा माणसांकडे, त्यांचा अनुभव अहवालात जोडायला. ते मी पाठवलेलं होतं. स्क्रीन लावायच्या आधीच, शिस्तीत. आणि आमच्याकडे घरून तपासणाऱ्यांत सगळ्यात चोख कोण, तर माझी आई.

आईचे डोळे काचबिंदूने गेले. हळूहळू गेले, आधी कडा, मग मधलं. तिला कॉम्प्युटर मी शिकवला. स्क्रीन रीडरचं नाव तिने बोलकी ठेवलं, आणि आठवड्याभरात दोघींची भांडणं सुरू झाली. ‘‘अगं, किती भरभर बोलतेस, श्वास घे की जरा,’’ असं ती बोलकीला सुनावते. हे तपासण्याचं काम तिला आवडतं. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर आभार मानून घ्यायचे, असं सुख तिला संसारात कधी मिळालं नव्हतं, हे तिचेच शब्द. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आई कामाला बसली की कानांत इअरफोन घालते आणि फोन आतल्या खोलीत ठेवते, कारण तपासताना फोन उचलायचा नाही असं तिला कुणी बजावलंय, तर मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पर्स उचलली, खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं जाकीट तिथेच राहिलं, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरायला लागले. एकच डोक्यात होतं: तिने ते ऐकता कामा नये. मी ओळखलं नाही, पण ती पहिल्या शब्दाला ओळखेल. आणि एकटी असेल घरात, अंधारात, कानाच्या अगदी आत तो आवाज, आणि थांबवायची सोय नाही.

जिन्यातूनच मी झटपटला फोन केला. झटपट म्हणजे सापडलेले दोष दुरुस्त करणारा आमचा प्रोग्रॅमर. कुठलंही काम सांगा, ‘झालं समजा’ म्हणतो आणि खरोखर करून टाकतो, विचार मागाहून करतो.

‘‘ते वृद्धाश्रमाचं पान,’’ मी म्हटलं, ‘‘त्यातला व्हिडिओ काढ.’’

‘‘बटण लावतो ना, ताई. आवाजही बंद ठेवतो सुरुवातीला. संध्याकाळपर्यंत झालं समजा.’’

‘‘बटण नको. काढूनच टाक. आत्ता.’’

‘‘आश्रमवाल्यांना विचारावं लागेल. कारण काय सांगू?’’

‘‘काहीही सांग! कुणाला फिट येईल म्हणून सांग!’’

‘‘बाप रे,’’ तो म्हणाला. ‘‘बरं, बरं. करतो. तुम्ही ठीक आहात ना?’’ मी फोन ठेवला. रस्त्यावर आले. बस मिळाली, खिडकीशी जागा मिळाली, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या स्क्रीनवर एक मुलगी आपोआप दात घासायला लागली. फेस, पाणी, हसू, पुन्हा फेस. मी ड्रायव्हरला म्हटलं, हे बंद करा. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘ते आपोआप चालतं, बाई, माझ्या हातात नाही.’’ शेजारी बसलेल्या माणसाच्या फोनमधून कुणीतरी ओरडत होतं, पुढच्या थांब्यावर काचेमागे एक गाडी गरागरा फिरत होती, आणि मी डोळे मिटले तर आत गच्ची सुरू झाली. कुंड्या, डोंगराची कड, भुवई, धागा. डोळे मिटल्यावरही ते थांबेना. मग मी चक्क डोळे उघडे ठेवून त्या दात घासणाऱ्या मुलीकडे बघत बसले.

बाबा रंगाच्या दुकानात होते. भिंतींना द्यायचे रंग. गिऱ्हाइकाने एखाद्या उशीचा अभ्रा किंवा कपबशीचा तुकडा आणून दाखवायचा आणि बाबांनी बादलीत दोन-चार रंग मिसळून अगदी तसाच रंग काढून द्यायचा, ही त्यांची ख्याती. नखांच्या कडांना सदैव कसला तरी रंग. जेवताना मी ओळखायची, आज पोपटी, आज विटकरी. बोलायचे कमी. चिडायचे नाहीत, हसायचेही फारसे नाहीत, आणि आईने त्यांच्या अंगाला हात लावला, कॉलर सरळ केली, केसातला कण काढला, की मान अशी झटकायचे. आई म्हणायची, काय बाई, अंगाला हात लावला तर झिजतात की काय हे. मग एका सकाळी त्यांनी चप्पल घातली, ‘‘आलोच,’’ म्हणाले, आणि गेले. माझी कॉलेजची परीक्षा चालू होती. मी पुस्तकातून मान वर केली नाही. आलोच म्हणणाऱ्या माणसाकडे कोण मान वर करून बघतं? संध्याकाळी दुकानातून माणूस विचारायला आला की आज का आले नाहीत, तेव्हा कुठे घोटाळा कळला. पोलीस, दवाखाने, पेपरात फोटो. मामा शवागारातून यायचा, अंगणातच हातपाय धुवायचा आणि आईला नुसता मानेने ‘नाही’ म्हणायचा, आणि आई दर वेळी आधी सुटकेचा श्वास टाकायची आणि मग रडायची. पुढे मामाच म्हणाला की नदीच्या खालच्या अंगाला जे मिळतात त्यांची ओळख पटतेच असं नाही. मी ते पकडून ठेवलं. मेलेला बाप मला परवडत होता. मेलेला माणूस सोडून जात नाही, त्याचा इलाज नसतो. कुणी विचारलं तर मी म्हणायची, बाबा नाहीत, आणि समोरचा पुढे काही विचारायचा नाही. आई मात्र कधी तसं म्हणाली नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘‘ते घरी नसतात.’’ जसं काही कामानिमित्त फिरतीवर आहेत. मला त्याचा इतका राग यायचा की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

आणि आता बसमध्ये मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. जिवंत आहेत. चहा पितात. स्वेटर स्वच्छ आहे, कुणीतरी धुतं. आनंदाचा तो झटका छातीत नीट बसलाही नव्हता तोच त्या बाईचा हात आठवला, लांब होऊन आलेला, सावकाश, रोजच्या सवयीचा, आणि बाबांनी मान झटकली नव्हती. हात तसाच पुढे धरून ठेवला होता, लहान मूल धरतं तसा. माझं डोकं सणकलं. म्हणजे झिजत नव्हते तर! वारा पुरतो म्हणे. वाऱ्यावर सोडून गेलात आम्हाला आणि वर कॅमेऱ्यात तोंड करून सांगता की वारा पुरतो. आईने दोन खोल्यांत शिवणकाम घेऊन माझी फी भरली, डोळे बारीक करकरून रात्री बटणं लावली, आणि तुम्ही कुठल्यातरी गच्चीवर बसून भुवई उचलता. मी बसमध्ये मोठ्याने काहीतरी बोलले असणार, कारण शेजारच्या माणसाने फोनचा आवाज कमी केला. माझा थांबा आला. उतरताना मी ठरवलं. आईने ऐकलं नसेल तर तिला कधीच सांगायचं नाही. आपण एकटीने तिकडे जायचं, त्यांना गाठायचं आणि काय ते बोलून यायचं. आईच्या आयुष्यात हा आवाज परत सुरू होऊ द्यायचा नाही.

दार मी किल्लीने उघडलं. आई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, इअरफोन काढून टेबलावर ठेवलेले, हात मांडीवर. घरात काही म्हणजे काही वाजत नव्हतं. मला हायसं वाटलं.

‘‘आज इतक्या लवकर?’’ ती म्हणाली. ‘‘बरं नाही का तुला? धापा टाकतेयस.’’

‘‘बसला गर्दी होती. तू काम केलंस का आज? सकाळी पान पाठवलं होतं, ते राहू दे. ते चुकून गेलं तुझ्याकडे.’’

‘‘झालं ते.’’

‘‘झालं?’’

‘‘बोलकीला एक शब्द बोलू देईना तो बाबा. शेवटी कॉम्प्युटरचा आवाजच बंद केला. पण आवाज बंद केला की बोलकीपण मुकी होते, मग मला कसं कळणार मी कुठे आहे ते? बसलेय आपली. तुझीच वाट बघत होते.’’ तिने हात लांब करून माझं मनगट शोधलं आणि धरलं. तिचा हात गार होता. ‘‘ह्यांचा आवाज आहे,’’ ती म्हणाली. ‘‘कवळी बसवलीय. पण ह्यांचाच आहे. मला ‘इथे’ म्हणाले तेव्हाच कळलं. तुला?’’

मी खाली बसले, जमिनीवरच, तिच्या खुर्चीशी. मला कळलं नाही, हे मला म्हणवेना. तिने ते माझ्या गप्प बसण्यातून ओळखलं असणार, कारण तिने मनगट थोपटलं आणि पुढे विचारलं नाही. मला वाटलं होतं ती कोसळलेली असेल, आडवी पडलेली असेल, शेजारणी जमल्या असतील. ती ताठ बसली होती. फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती, आणि बोट पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, आई, पाणी देऊ का? ती म्हणाली, पाणी नको. म्हणाली, ‘‘बोलकी नुसतं ‘व्हिडिओ’ म्हणते मेली. आत काय आहे ते सांगतच नाही. तू बघितलंस ना? सांग मला.’’

हेही माझंच काम आहे. चित्रात जे आहे ते न बघणाऱ्याला सांगायचं. त्याचाही नियम आहे: डोळस माणसाला दिसतं ते सगळं, त्याच क्रमाने, आपलं मत न घालता. मी सांगायला लागले. गच्ची आहे, मोठी. कुंड्या आहेत, त्यांत लाल फुलं. मागे डोंगर. ऊन उतरतीचं. वेताच्या खुर्च्या. बाबा खुर्चीत बसलेत, हातात कप. चॉकलेटी स्वेटर. केस गेलेत सगळे.

‘‘सगळे?’’

‘‘कानांच्या वर थोडे आहेत. बारीक झालेत. कान मोठे दिसतात.’’

‘‘कान आधीपासूनच मोठे,’’ आई म्हणाली आणि एकदम हसली. ‘‘बघायला आले होते तेव्हा माझी बहीण म्हणाली होती, नवरा मागाहून आला, कान आधी आत आले.’’ हसता हसता ती थांबली. ‘‘नखं? नखांना रंग आहे का?’’

‘‘दिसलं नाही तेवढं.’’

‘‘बरं. एकटेच आहेत?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. अगदी सहज निघालं तोंडातून. आयुष्यात एका चित्राचंसुद्धा मी खोटं वर्णन केलं नव्हतं.

खिडकीतून ऊन आईच्या गालावर येत होतं आणि तिने चेहरा तिकडे वळवला. ‘‘मग हसतं कोण?’’ ती म्हणाली. ‘‘माणसाला आणखी काय लागतं म्हणतात, आणि मग एक बाई हसते. शेजारीच बसलेली आहे, कॅमेऱ्यामागची नाही. वय झालेलं आहे तिचं. मी तेच ऐकत होते इतका वेळ. ह्यांचं कळलं होतं गं लगेच. हिचं कळत नव्हतं.’’

मग मी सांगितलं. सगळं, क्रमाने. पांढरे केस, हात लांब होतो, बाहीवरचा धागा. आईने विचारलं, ‘‘आणि काढू देतात?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ ‘‘मान नाही झटकत?’’ ‘‘नाही गं.’’ तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं ती रडेल, पण ती रागाने लाल झाली होती. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. ‘‘निर्लज्ज!’’ ती म्हणाली. ‘‘निर्लज्ज माणूस! मला म्हणाले असते तर मी दिलं असतं सोडून. खरंच दिलं असतं. तोंड होतं ना? आलोच म्हणायला होतं ना तोंड? मी त्या तुझ्या मामाला मढी बघायला पाठवत होते गं. झोपेतून उठून ओरडायचा तो नंतर. आणि इथे वारा खातायत.’’ तिने टेबलावर तळहात आपटला, इअरफोन खाली पडले. मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो, मोठ्याने, लाज सोडून. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं ते मला ऐकू आलं. मी म्हणत होते, आपण जाऊ तिथे, उद्याच जाऊ, मी विचारते त्यांना, आणि आई म्हणत होती, नाही, नाही, मला भेटायचं नाही, माझं तोंड नाही दाखवायचं मला. मग तिने पदराने डोळे पुसले. माझेही पुसले, अंदाजाने, त्यामुळे अर्धं नाक पुसलं गेलं.

‘‘मला फक्त एकदा नीट ऐकायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘मघाशी ऐकलं त्याला ऐकणं म्हणत नाहीत. मी आपली दुसऱ्याच नादात बसलेले आणि हे कानात येऊन बोलायला लागले. ना विचारलं ना सांगितलं. आले आपले. गेले तेव्हाही तसेच गेले. आता मी बस म्हटलं की थांबव आणि लाव म्हटलं की लाव. मला श्वास घेऊ दे आधी.’’ तिने श्वास घेतला. केस मागे सारले. ‘‘लाव,’’ ती म्हणाली.

मी आवाज सुरू केला आणि पान नव्याने उघडलं. आणि बोलकी बोलायला लागली. मुख्य पान. आमच्याविषयी. खोल्या. डॉक्टरांची सोय. संपर्क. एकेक शब्द स्वच्छ, सुटा, कुणाचाही अडथळा नाही. जिथे गच्ची होती तिथे एक साधा निळा पट्टा होता. नियमांप्रमाणे त्या पानात आता एकही दोष नव्हता. आई मान तिरकी करून थांबली होती. बोलकी पत्ता वाचून, फोन नंबर वाचून गप्प झाली, तरी आई थांबलेलीच. ‘‘कुठाय?’’ ती म्हणाली. मी काय करून बसले होते ते मला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं. मी म्हटलं, आई, थांब, मीच काढायला सांगितला होता, तू ऐकू नयेस म्हणून, परत लावायला सांगते, थांब. आणि झटपटला फोन लावला. आमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो. कुणाचं अर्धंच बोलणं ऐकणं आईला चालत नाही.

‘‘झालं, ताई!’’ झटपट ओरडलाच. ‘‘काढून टाकला. आणि आश्रमवाले चिडतील म्हणून मी घाबरत होतो, तर उलट खूश झाले. म्हणाले, आम्हालाच काढायचा होता, पण कसा काढायचा ते इथे कुणाला येईना. त्यांच्या ऑफिसबाहेर मोठा टीव्ही आहे, त्यावर हेच पान दिवसभर चालू. आणि त्यातले ते आजोबा आहेत ना, वारा-वारा म्हणणारे, ते वारले म्हणे मागच्या थंडीत. त्यांच्या मिसेस तिथेच राहतात. जेवायला जाता-येता रोज आपले आजोबा बोलतायत समोर. बंद करा म्हणून बिचाऱ्या रोज येऊन सांगायच्या. वायर काढली की कुणीतरी परत लावायचं. शेवटी तुमच्यामुळे सुटल्या. फाइलसुद्धा उडवली, त्यांनीच सांगितलं होतं म्हणे, कुठेच ठेवू नका.’’

मला फोन बंद करायचा होता. बोट कुठे ठेवायचं ते कळेना, सगळी बटणं एकसारखी दिसायला लागली. आईकडे बघायची हिंमत नव्हती. सकाळी मला बाप मिळाला होता आणि तो सकाळीच काय, मागच्या थंडीतच मेलेला होता. मी बसमध्ये ज्याच्याशी भांडत आले होते त्याला जाळून महिने लोटले होते. आणि आईकडे जे काही उरलं होतं तेवढं, एक वाक्य आणि एक हसणं, ते मी जिन्यातून उतरता उतरता पुसून टाकलं होतं. आईच पुढे झुकली. तिने टेबलावरून हात फिरवत फोन शोधला आणि तोंडाजवळ ओढला.

‘‘बाळा,’’ ती म्हणाली, ‘‘मी हिची आई बोलतेय.’’

‘‘अरे, काकू! कशा आहात?’’

‘‘बरी आहे. त्या बाईंचा फोन नंबर मिळेल का रे? त्या मिसेसचा?’’

‘‘विचारून बघतो. कशाला हवाय, काकू?’’

‘‘शेवटी फार त्रास झाला का, ते विचारायचं होतं. आणि शेवटी काही बोलले का.’’

फोनमध्ये मागे कुणाचा तरी कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.

‘‘तुम्ही त्यांच्या कोण, काकू?’’

आईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

‘‘मी कुणी नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘मी फक्त ते पान तपासलं होतं.’’